चिखल्या पडलेल्या पायांविषयी, कृषिमंत्र्यांना

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,



मृग पंधरा दिवसांवर आला आहे. वळीव एकदा पडून गेला, मेरांवरचं सुकलं गवत हिरवं होऊ लागलं आणि घरात बियाण्याची पाखडणी सुरू झाली. हे पत्र आत्ताच लिहितो आहे, कारण जुलैत लावणी सुरू झाली की आमच्या घरात पेन धरण्याजोगी बोटं कुणाचीच राहत नाहीत.

मी कुडाळ तालुक्यातला भातशेतकरी. सव्वादोन एकर शेत, त्यातलं निम्मं व्हाळाकाठचा मळा आणि निम्मं भरड, म्हणजे उंचावरची जमीन. तुमच्या खात्याच्या पुस्तिका मी वाचतो, शेतीशाळांना जाऊन बसतो. गेल्या काही वर्षांत त्यांत हवामान बदल, शाश्वत शेती हे शब्द येऊ लागले, याचा मला मनापासून आनंद आहे. जमिनीच्या आरोग्याची पत्रिका निघते, तिच्यात १२ घटक तपासून लिहिलेले असतात. त्या जमिनीत दिवसभर गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या पायांची नोंद मात्र मला कुठल्याच कागदावर सापडली नाही. त्या पायांविषयी आज लिहायचं आहे.

चिखल्या आपण पाहिल्या असतील. लावणीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी पायाच्या बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, फुगते, मग सुटून येते आणि खाली लालबुंद मांस दिसतं. संध्याकाळी बाया चुलीपुढे पाय पसरून बसतात, कोकमाचं तेल गरम करून बेचक्यांत सोडतात. काही जणी लावणीच्या आदल्या रात्री तळव्यांना आणि बोटांना मेंदी लावतात. आमच्याकडे ती नटण्यासाठी लावत नाहीत, कातडी घट्ट राहावी म्हणून लावतात. गमबूट घालून पाहिले आहेत. चिखलणी केलेल्या कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, गमबूट पहिल्याच पावलाला रुततो आणि पाय वर येतो तो मोकळा. हातमोजे घातले तर तरव्याची दोन-तीन रोपं बोटांना सुटी करता येत नाहीत. म्हणजे उघडा पाय, उघडा हात आणि त्यांवर उघडी जखम, असं त्या पाण्यात दहा-दहा तास.

त्या पाण्यात काय असतं, हे मला २०१९ च्या जुलैत कळलं.

माझी धाकटी काकी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. लावणीत वाडीत तिच्या तोडीची दुसरी बाई नव्हती. ती मागे सरकत जायची आणि पुढे हिरवी ओळ उमटत जायची. त्या वर्षी व्हाळातल्या शिंपल्याने तिची टाच कापली होती. त्यावर फडकं गुंडाळून ती दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरली. दहा-बारा दिवसांनी ताप आला. अंग मोडून आलं, पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की भिंतीला धरून चालायची. आम्ही सगळे एकच म्हणालो. तीही म्हणाली, ‘लावणी म्हटल्यार पाय दुखतलेच.’ जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे तापाच्या गोळ्या आणि एक सुई मिळाली. तू काय काम करतेस, पाण्यात किती वेळ असतेस, पायाला जखम आहे का, असं तिला कुणी विचारलं नाही. चौथ्या दिवशी डोळे लाल झाले, पाचव्या दिवशी पिवळे. सहाव्या दिवशी लघवी बंद झाली. गोव्याला नेईपर्यंत मूत्रपिंडं गेली होती आणि फुप्फुसांत रक्तस्राव सुरू झाला होता. नवव्या दिवशी ती गेली. आमच्या मळ्यातली अर्धी लावणी तिच्या हातची होती. तिच्या दिवसांच्या आधी त्या रोपांनी मूळ धरलं होतं.

लेप्टोस्पायरोसिस या आजाराला आम्ही सिंधुदुर्गात नुसतं लेप्टो म्हणतो. त्याचे जंतू उंदरांच्या, त्याचप्रमाणे गुरांच्या आणि कुत्र्यांच्या मूत्रातून पाण्यात उतरतात आणि चिरलेल्या, भिजून सुटलेल्या कातडीतून किंवा डोळ्या-नाकातून माणसात शिरतात. लागण झाल्यापासून साधारण एक ते दोन आठवड्यांत ताप येतो. पोटऱ्यांचं दुखणं हे या आजाराचं एक ठळक लक्षण आहे. महोदय, मी तुमचं लक्ष इथेच वेधतो आहे. दिवसभर कमरेत वाकून लावणी केलेल्या बाईच्या पोटऱ्या दुखतातच. आजार तिच्या कामाच्या दुखण्याआड लपतो, आणि ती स्वतःच त्याला ओळखत नाही. मलेरिया, डेंगी, साधा फ्लू यांचाही ताप सुरुवातीला असाच असतो. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत बऱ्याचदा काहीच दाखवत नाही, म्हणून अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात. वेळेत सुरू झाले तर औषधं साधी आहेत, जुनी आहेत, स्वस्त आहेत. माझ्या काकीला वाचवण्यासाठी नवं काही शोधायचं नव्हतं. तू लावणीला जातेस का, एवढाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा होता.

डॉक्सीसायक्लिन हे औषध आठवड्यातून एकदा, २०० मिलिग्रॅम, भरल्या पोटी, अशी प्रतिबंधक मात्रा जोखमीच्या काळात देतात. गरोदर बायांना आणि लहान मुलांना ते देत नाहीत, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचं. आरोग्य खात्याकडून या गोळ्या येतात, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. पण आमच्या वाडीत त्या पोचतात तेव्हा बहुधा पहिला रुग्ण निघालेला असतो, आणि आशाताई दुपारी घरोघर फिरतात तेव्हा जिला गोळी हवी ती बाई शेतात असते. लावणी कोणत्या वाडीत कोणत्या आठवड्यात लागणार, हे तुमच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला तोंडपाठ असतं. आशाताईंना ते कुणी सांगत नाही. दोन खात्यांमधलं अंतर कागदावर फार थोडं आहे, पण काकीपर्यंत येताना ते कुणी ओलांडलं नाही.

आता दुसरी गोष्ट. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. पूर्वी ती विमा कंपन्यांमार्फत चाले, २०२३ पासून राज्य सरकार थेट सानुग्रह अनुदान देतं. मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये. चांगली योजना आहे, आमच्या शेजारच्या वाडीत वीज पडून गेलेल्या माणसाच्या घराला तिचा आधार झाला. तिच्या यादीत सर्पदंश आहे, विंचूदंश आहे, पाण्यात बुडणं आहे, वीज आहे, कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा आहे. लेप्टो नाही. कुणग्यात साप चावला तर तो शेतीतला अपघात, आणि त्याच कुणग्यात उंदराच्या मुताने माणूस गेला तर तो नैसर्गिक मृत्यू. काकीचे कागद घेऊन मी एका कचेरीत गेलो तेव्हा ते न वाचताच परत मिळाले. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, हे पहिलं कारण. आता कुटुंबातल्या नाव नसलेल्या एका सदस्याला योजनेत घेतलं आहे, हे बरं झालं. पण जिच्या घरात सातबाराच नाही, जी पाच घरांची लावणी मजुरीने करते, ती आजही बाहेरच आहे. आणि पाण्यात सर्वांत जास्त तास तीच उभी असते.

हा प्रश्न एकट्या सिंधुदुर्गाचा नाही. महाराष्ट्रात भात सुमारे १५ लाख हेक्टरवर होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत याच दिवसांत बांधीत रोवणी लागते, पऱ्हे उपटले जातात आणि तिथल्या बायाही अशाच वाकलेल्या असतात. २०१८ मध्ये नागपूर विभागात गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसने माणसं गेली. तिथेही ताप आधी ‘साधा’च होता.

पाण्याविषयी आणखी थोडं सांगतो, कारण शेतीखात्याचा आणि आरोग्याचा धागा इथे एकत्र येतो. चिखलणी केलेल्या, पाणी साठलेल्या कुणग्यात पाय टाकला की बुडबुडे वर येतात. लहानपणी आम्ही ते फोडत खेळायचो. त्यांत बराचसा मिथेन असतो, हे मला फार उशिरा कळलं. पाणी साठून राहिलं की मातीत हवा शिरत नाही. मग हवेवाचून जगणारे सूक्ष्मजीव कुजक्या काडीकचऱ्यावर वाढतात आणि मिथेन सोडतात. त्यातला मोठा भाग भाताच्या रोपातूनच, त्याच्या आतल्या पोकळ नळ्यांमधून, वर हवेत जातो. माणसाच्या उद्योगांमुळे जगात जेवढा मिथेन निघतो, त्यातला साधारण ८ ते १० टक्के भातशेतीचा. वीस वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा ८० पटींहून जास्त उष्णता धरतो. यात आम्हा शेतकऱ्यांचा गुन्हा आहे असं मी मानत नाही. आम्ही पेजेपुरता तांदूळ पिकवतो. पण ज्या साठलेल्या पाण्यातून तो वायू निघतो, त्याच पाण्यात बायांच्या पायांना चिखल्या पडतात आणि लेप्टो शिरतो. पाय पाण्याबाहेर काढण्याचं काम आणि मिथेन कमी करण्याचं काम ही दोन कामं नाहीतच. तुमच्या खात्याने एकाला हवामानाच्या पेटीत घातलं, दुसरं आरोग्य खात्याकडे ढकललं, आणि आम्ही मध्ये पाण्यात उभे राहिलो.

काकी गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी भरडावरच्या दहा गुंठ्यांत लावणी केली नाही. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेलं सगुणा राईस तंत्र, ज्याला सगळे एसआरटी म्हणतात, ते ऐकून होतो. त्यात नांगरणी नाही, चिखलणी नाही, तरवा नाही, लावणी नाही. एकदाच गादीवाफे करायचे आणि ते मोडायचे नाहीत. लोखंडी साच्याने २५ सेंटिमीटरवर भोकं पाडायची आणि त्यांत बियाणं टोकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. ती कुजून मातीत हवेच्या आणि पाण्याच्या वाटा करतात.

पहिल्या वर्षी वाडीतले लोक मेरेवर उभे राहून पाहत होते. तण इतकं माजलं की भात शोधावा लागला. आईने माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं, कारण लावणी न करणं म्हणजे शेत टाकणं असं तिला वाटलं. त्या दहा गुंठ्यांत नेहमीपेक्षा भात कमीच आला. दुसऱ्या वर्षी थोडा सावरला. तिसऱ्या वर्षी वाफा हाताने उकरला तर गांडुळं निघाली, आणि आश्विनात पावसाने पंधरा दिवस दडी मारली तेव्हा शेजारच्या चिखलणी केलेल्या कुणग्याला भेगा पडल्या, माझ्या वाफ्यांना पडल्या नाहीत. भात कापल्यावर त्याच ओलीवर चवळी टोकली. आज भरडावर सगळीकडे हीच पद्धत आहे आणि त्या तुकड्यात आमच्या घरातलं कुणीही पाण्यात उभं राहत नाही. भाजावळही बंद झाली. तरवाच करायचा नाही, तर झाडांच्या फांद्या तोडून, शेण-पातेरा पसरून जमीन भाजायची कशाला? मे महिन्यात वाडीवर तरंगणारा धूर आमच्या घरापुरता तरी थांबला.

एवढं सांगून थांबलो तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. या पद्धतीत नांगराची जागा तणनाशकाने घेतली आहे. पेरल्यावर एकदा, पुढे गरज पडली तर पुन्हा, आणि कापणीनंतर फुटवा येऊ नये म्हणूनही फवारतात. कापणीनंतरच्या फवारणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवलं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याचा वापर फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांकडूनच व्हावा असा आदेश काढला. आमच्या बाजारात असा परवानाधारक माणूस मी अजून पाहिलेला नाही. बाटली मात्र मिळते. पाठीवर पंप घेतलेला मुलगा चड्डी-बनियनवर, तोंडाला रुमाल बांधून फवारतो. २०१७ मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावं लागलं, तेव्हा आपण सगळे हादरलो होतो. पायांना एका विषातून सोडवून फुप्फुसांना दुसऱ्यात घालायचं, हे मला मान्य नाही. मी दोन वर्षं गिरीपुष्पाचा पाला वाफ्यांवर दाट पसरून पाहतो आहे. तण कमी होतं, संपत नाही. हाताने काढावं लागतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि कर्जतच्या भात संशोधन केंद्राने हा प्रश्न हाती घ्यावा. चवळी, ताग, धैंचा यांच्या आच्छादनावर, तणनाशकाशिवाय, आमच्या पावसात गादीवाफ्याचा भात कसा घ्यायचा याचे प्रयोग आमच्याच शेतांवर व्हायला हवेत. एकटा शेतकरी दहा गुंठ्यांत जे चाचपडतो, ते विद्यापीठाने पाच वर्षं नेटाने करावं.

उंदरांचंही तसंच. न मोडणारे वाफे उंदरांनाही आवडतात, हे मी माझ्या शेतात पाहिलं आहे. एका घराने बिळं बुजवून काही होत नाही, ते मेर ओलांडून पलीकडे जातात आणि परत येतात. मृगाच्या आधी, त्यांची वीण वाढण्यापूर्वी, साऱ्या वाडीने एकाच आठवड्यात बिळं शोधून काढली तरच फरक पडतो. लेप्टोचा पहिला उपाय गोळी नव्हे, हा आहे, आणि तो शेतीखात्याचा आहे.

मळ्याचा प्रश्न वेगळा. व्हाळाकाठी पहिल्या मोठ्या पावसाने गुडघाभर पाणी साठतं, तिथे टोकलेलं बियाणं कुजून जातं. तिथे लावणी आहे आणि राहील. अशा जागी डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री मला अजून मोलाची वाटते: भाताच्या तुसाची राख आणि पेंढा मातीला परत देणं, गिरीपुष्पाचा पाला चिखलात तुडवणं, दोन-तीन रोपांची ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या मध्ये युरियाची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचणं. वरून फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून जातो; शेत मध्येच सुकलं-भिजलं की त्यातला काही नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २७० पट तापदायक. खोल खोचलेली गोळी मुळाला मिळते. पाणी कमी करून मिथेन वाचवायचा असेल तर खत जमिनीच्या पोटात गेलंच पाहिजे, एरवी एक वायू जातो आणि दुसरा येतो. एवढं जुनं, आपल्याच माणसाने मांडलेलं तंत्र असताना त्या गोळ्या हंगामात वेळेवर का मिळत नाहीत, याचा आपण शोध घ्यावा.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पाणी आलटून-पालटून देण्याची रीत दिली आहे. भोकं पाडलेली नळी शेतात गाडायची, पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरलं की मगच पुढचं पाणी द्यायचं. फुलोऱ्यात मात्र ताण द्यायचा नाही. मिथेन निम्म्यापर्यंत कमी होतो असे तिचे प्रयोग आहेत. हे आमच्या वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भाताला, लागू पडेल, पूर्व विदर्भातल्या उन्हाळी धानाला तर नक्कीच. पावसाळ्यात आमच्या पाण्याची चावी आभाळाकडे असते, तेव्हा जुलैच्या कोकणात ही नळी वाटू नका. खारजमिनींना तर पनवेल १, २, ३ सारख्या क्षार सोसणाऱ्या जाती आणि धडके बांध हवेत. एकाच जिल्ह्यात भरडाला एक, मळ्याला दुसरं आणि खारजमिनीला तिसरं, हे तुमच्या योजनेला पेललं पाहिजे.

आणि आभाळाकडे चावी म्हणतो, तर ते आभाळही पूर्वीचं राहिलेलं नाही. काकी गेली त्याच वर्षी, ऑक्टोबरच्या शेवटी, क्यार वादळाच्या पावसाने कापून ठेवलेला भात कुणग्यातच उगवला. हिरवे कोंब आलेली कणसं काकाने घरात आणली आणि पडवीत पसरून ठेवली, का ते त्याचं त्यालाच माहीत. २०२५ मध्ये तर मॉन्सून २५ मे रोजीच तळकोकणात उतरला. भाजावळीचा पातेरा भिजून गेला आणि धूळपेरणीला कोरडी जमीनच उरली नाही. आमचं नुकसान बहुतेक वेळा भात कापल्यानंतर होतं. नेमकं त्याच वर्षी, २०२५ च्या खरिपापासून, राज्याने पीकविम्यातल्या काढणीपश्चात नुकसान आणि स्थानिक आपत्तीच्या जोखमी वगळल्या आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली. कापणी प्रयोग होतो तेव्हा भात उभा असतो, उत्तम असतो. आठ दिवसांनी तो पाण्यात असतो. केंद्राने भात बुडण्याची जोखीम २०२६ च्या खरिपापासून पुन्हा घेण्याचं जाहीर केलं आहे, ते स्वागतार्ह. कापलेल्या भातासाठीही तेच करा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ मध्ये हवामान बदलाला तोंड देण्यासाठीच सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात कोकणातला एकही जिल्हा नव्हता. मराठवाड्याचा दुष्काळ खरा आहे, तिथल्या लोकांच्या वाट्याचं मला काढून घ्यायचं नाही. पण जादा पाणी हेसुद्धा हवामानाचं संकट आहे.

लावणी मोडायला निघालेल्या मला एक प्रश्न वाडीतल्याच एका बाईने विचारला, आणि तो मी तुमच्यापुढे ठेवतो. ती म्हणाली, लावणी गेली तर माझे वीस दिवस कोण देणार? त्या वीस दिवसांच्या मजुरीवर तिच्या मुलांची वह्या-पुस्तकं आणि गणपती उभा राहतो. मी तिला तेव्हा काही सांगू शकलो नाही. पुढच्या वर्षीपासून टोकणी, पाला पसरणं आणि तण काढणं यांची मजुरी तिला दिली. वीस दिवस भरले नाहीत, चौदा भरले. तिचे उरलेले सहा दिवस माझ्या एकट्याच्या शेतातून निघणार नाहीत. रोजगार हमीत वाडीची एकत्रित उंदीर-मोहीम, गिरीपुष्पाची लागवड, मेरांची डागडुजी ही कामं पावसाच्या तोंडावर धरली तर निघतील. बदल करणाऱ्या शेतकऱ्यालाही पहिल्या तीन वर्षांची घट सोसायला हात हवा. आमच्या सवलती यंत्राच्या किमतीवर असतात. मला पहिल्या वर्षी यंत्र नको होतं, कमी आलेल्या तीन पोत्यांची भरपाई हवी होती. ती असती तर वाडीतली आणखी चार घरं माझ्याबरोबर आली असती. ती मेरेवर उभी राहून पाहतच होती.

अपघात योजनेच्या यादीत लेप्टो घाला, आणि सातबारा नसलेल्या लावणीच्या बाईलाही त्यात घ्या. हे एका शासन निर्णयाचं काम आहे आणि ते येत्या लावणीपूर्वी होऊ शकतं. सहाय्यक कृषी अधिकाऱ्याने आपल्या गावांचं लावणीचं वेळापत्रक जूनमध्येच प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावं, आणि आशाताईंनी सकाळी सातला, बाया शेतात उतरण्यापूर्वी, मेरेवर यावं. लावणीच्या दिवसांत ताप घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर ‘पाण्यात काम करतो/करते का’ असा एक रकाना असावा. दुसरं खातं तुमच्या हातात नाही, हे मी जाणतो. पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत ते शेजारच्याच खुर्चीवर बसलेलं असतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मळ्यात लावणी असेल. आपण यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पूर्ण दिवस या, सकाळच्या पेजेपासून संध्याकाळच्या कोकमतेलापर्यंत. भरडावरचे वाफेही दाखवीन, गांडुळं आणि उंदरांची बिळं दोन्ही दाखवीन. आणि पायाला कुठे चीर, जखम असेल तर कृपा करून पाण्यात उतरू नका. मेरेवरूनही सगळं दिसतं.

आपला,
कुडाळ तालुक्यातला एक भातशेतकरी